मदत हवी आहे: ‘श्वास सोडा’ला नेमका पर्याय कोणता?

ठाण्यातल्या ज्येष्ठांच्या श्वसन-व्यायाम वर्गासाठी एक पानी सूचनापत्रक करतेय. नाकाने दोन मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, शीळ घालताना करतो तसे ओठ चंबूसारखे करायचे आणि चार मोजेपर्यंत हवा बाहेर जाऊ द्यायची. अडलंय ते या शेवटच्या क्रियापदावर.

‘सोडा’ म्हटलं की लोक फुगा सुटावा तसा सगळा श्वास एका क्षणात सोडून मोकळे. ‘बाहेर टाका’ म्हटलं की पोट आवळून जोर लावतात. ‘फुंका’ने गाल फुगतात, आणि जोरात फुंकणं तर फुप्फुसाच्या तपासणीला हवं, इथे नको. ‘उच्छ्वास करा’ शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं. ‘निःश्वास’ला सुटकेचा वास येतो, ‘सुस्कारा’ आणि ‘उसासा’ला दुःखाचा. ‘धाप टाकणे’ तर नेमकं जे टाळायचं तेच. ‘रेचक’ योगातला अचूक शब्द, पण आजोबांना आधी जुलाबाचं औषध आठवतं!

सध्या ‘गरम चहावर घालतो तशी हलकी फुंकर घाला’ लिहिलंय. पण चहावरची फुंकर दोन सेकंदांत संपते, चार मोजेपर्यंत पुरत नाही.

त्याच पानावर श्वसन-व्यायामाचं, तीन छोट्या चेंडूंचं यंत्रही आहे. त्यात हवा आत ओढायची असते, तरी निम्मे लोक फुंकतात, म्हणून दोन्ही क्रियापदं ऐकायलाही वेगळी हवीत.

तुमच्या बोलीत यासाठी काय म्हणतात? मालवणी, आगरी, वऱ्हाडी, काहीही चालेल. शक्यतो पूर्ण आज्ञार्थी वाक्य द्या.