प्रतिसाद: दादर-रत्नागिरी पॅसेंजर

दादर-रत्नागिरी पॅसेंजर पुन्हा दादरपर्यंत न्यावी, यासाठी सह्यांची मोहीम घेण्याचा विषय वर निघाला आहे. सह्या हव्यातच, पण 'दादर-रत्नागिरी पॅसेंजर पूर्ववत करा' एवढ्याच मागणीला 'परिचालनदृष्ट्या (म्हणजे गाड्या चालवण्याच्या दृष्टीने) शक्य नाही' असं एका ओळीचं उत्तर मिळतं आणि फाईल बंद होते. कोरोनानंतर गाडी दादरला न जाता ठाण्याजवळच्या दिवा स्थानकातच थांबते. पोती, पेट्या, लहान मुलं घेऊन पूल चढून भरलेल्या लोकलमध्ये शिरणं म्हणजे काय, ते दिव्याला उभं राहून बघावं!

त्यामुळे आधी मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'का बंद केली?' असं विचारू नका. कारणं नव्हे, कागद मागा: दादरच्या टर्मिनल फलाटांचा (जिथून गाड्या सुटतात, जिथे संपतात) २४ तासांचा वापर-तक्ता आणि या गाडीच्या रेकची लिंक, म्हणजे डब्यांचा तोच संच कुठल्या गाड्यांना कधी लावतात त्याचा तक्ता. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ पासून सुरू आहे, तेव्हा खरी अडचण कुर्ल्याच्या पुढे, दादरकडे, जिथे अशा जादा मार्गिका नाहीत. म्हणून मागणीत वेळ सुचवा, गर्दीची वेळ टाळून. निवेदन कोकण रेल्वेलाही द्या. रोह्यापुढे हद्द त्यांची, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.