प्रतिसाद: इमोजी सांभाळणाऱ्या बॉटला किती अधिकार द्यावेत?

डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर एखाद्या गटाच्या सर्व्हरवर (म्हणजे गटाच्या जागेवर) बॉट, म्हणजे आपोआप कामे करणारा प्रोग्राम, इमोजी चढवत नसेल तर त्याला थेट 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करावे, हा या चर्चेत सुचवलेला उपाय मला धोक्याचा वाटतो. बॉटचे टोकन (त्याची गुप्त किल्ली) कधी बाहेर गेले, तर त्या एका अधिकारामुळे सगळा सर्व्हर परक्याच्या हाती जाईल. डिस्कॉर्डमध्ये नवीन इमोजी चढवण्यासाठी 'क्रिएट एक्स्प्रेशन्स' एवढीच परवानगी पुरते, आणि बॉटने स्वतः चढवलेले इमोजी बदलणे किंवा काढणेही तिच्यातच बसते. इतरांनी चढवलेल्या इमोजींना हात लावायचा असेल तरच 'मॅनेज एक्स्प्रेशन्स' लागते.

नागपुरातील आमच्या मित्रमंडळाच्या सर्व्हरवर तर्री पोहे, संत्रे आणि मारबतीचे (तिथल्या मिरवणुकीतल्या पुतळ्याचे) इमोजी चढवताना अडचण परवानगीची नव्हतीच. आम्ही नावे देवनागरीत दिली होती, आणि इमोजीच्या नावात फक्त रोमन अक्षरे, अंक व अधोरेखा (_) चालतात, तेही किमान दोन अक्षरांचे नाव हवे. मारबतीच्या मिरवणुकीचे छायाचित्र तर २५६ किलोबाइटच्या मर्यादेत बसत नव्हते. ते १२८ गुणिले १२८ पिक्सेलचे केल्यावर लगेच चढले.

जागांचाही हिशेब आधीच करावा. बूस्ट (सदस्यांनी पैसे देऊन मिळवून दिलेली वाढीव सोय) नसलेल्या सर्व्हरवर ५० स्थिर आणि ५० हलते इमोजी मावतात, म्हणून जागा भरल्यावर बॉटने आपणहून जुने इमोजी काढू नयेत, तर नियंत्रकांना विचारावे, अशी रचना ठेवावी. इमोजी काढून त्याच नावाने पुन्हा चढवला तरी त्याचा आयडी (ओळख क्रमांक) नवा असतो, त्यामुळे बॉटच्या सेटिंग्जमध्ये जुना आयडी लिहिलेला असेल तर तो तिथेही बदलावा लागतो. केवळ नाव बदलल्यास आयडी तोच राहतो.