पूर्वकथा आणि जादूचा हिशेब

यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या, अद्भुत कादंबऱ्यांवर दोन आक्षेप घेतले जातात: शेवट आधीच माहीत असताना पूर्वकथा कशाला वाचायची, आणि जादूचे नियम ढिसाळ असतात. पहिला आक्षेप 'हंगर गेम्स' मालिकेची पूर्वकथा असलेल्या 'सनराइज ऑन द रीपिंग'ला (२०२५) फारसा लागू होत नाही. तिचा नायक हेमिच जीवघेणी स्पर्धा जिंकतो हे मालिकेतल्या २००९च्या 'कॅचिंग फायर'मध्येच कळलेलं असतं. तिथे आपण पाहतो ती मात्र त्या स्पर्धेची सरकारी चित्रफीत. नवीन पुस्तक त्या फितीतलं काय कापलं गेलं ते दाखवतं (स्पॉयलर इतकाच!), त्यामुळे उत्सुकता 'कोण जिंकेल' यापेक्षा 'खोटं कसं रचलं' याची राहते. तक्रार करायचीच तर गर्दीची करा: ४८ स्पर्धक आहेत, बरेचसे नावापुरतेच.

जादूचे नियम ढिसाळ असतात, हा दुसरा आक्षेप मात्र बहुतेक मालिकांबाबत खरा आहे. नायिका अडकली की नवी शक्ती उगवते आणि संकटाची धार जाते. अपवाद हवा असेल तर नेओमी नोविकची 'स्कोलोमन्स' त्रयी (२०२०-२२) घ्या. तिथे जादूसाठी लागणारी ऊर्जा कष्टाने साठवावी लागते. नायिका जोर काढते, नावडतं क्रोशाकाम करते; अंगाला सवय झाली की त्याच व्यायामातून ऊर्जा कमी मिळते. म्हणजे जमाखर्च वाचकालाही मांडता येतो! पहिली पन्नासेक पानं माहितीने जड आहेत, तेवढी रेटा.

आणि 'फोर्थ विंग' (२०२३) ही कादंबरी यंग अ‍ॅडल्टमध्ये धरू नका. ड्रॅगन आणि विद्यालय असलं तरी नायिका २० वर्षांची आहे आणि प्रणयप्रसंग उघड प्रौढांसाठीचे आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाला सुचवण्याआधी एवढं बघाच.