उन्हाळ्यातला डबा : सकाळी भरलेला दुपारी चांगला राहावा म्हणून तुम्ही काय करता?

मार्च संपता संपता सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडताना आंबूस वास येऊ लागतो. जिथे फ्रिजची सोय नाही अशा ठिकाणी जेवणाऱ्यांनी, किंवा त्यांचा डबा भरणाऱ्यांनी, आपापल्या गावच्या हवेनुसार आलेले अनुभव लिहावेत. नुसत्या पाककृती नकोत; काय टिकते आणि का टिकते, तेही सांगावे.

चंद्रपूर

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही, आणि यजमान एसटीत वाहक असल्यामुळे त्यांचा डबा दिवसभर तापलेल्या गाडीतच फिरतो. पोळ्या तव्यावरून उतरवल्या की मी त्या एकावर एक न रचता सुपात पसरून ठेवते, कारण गरम पोळ्या डब्यात कोंडल्या की वाफेचे पाणी होते आणि त्याच पाण्याने त्या चिकट होऊन आंबतात. भाजी पसरट ताटात काढून पंख्याखाली निववते. कढईतच राहिली तर मधला भाग बराच वेळ कोमट राहतो. रस्सा डब्यात नसतोच. कोरडा झुणका, बटाट्याच्या काचऱ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि जवसाची चटणी यांची पाळी ठरलेली असते. कांदा चिरून न देता अख्खा देते, तो ते तिथेच फोडून खातात. (कांदा जवळ बाळगल्याने ऊन लागत नाही असे सासूबाई सांगतात, त्यावर मी वाद घालत नाही.)

सोलापूर

आमचे उत्तर एकच, कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी पातळ थापून मंद आचेवर पार कोरडी होईपर्यंत शेकली की तिच्यात विटायला पाणीच उरत नाही. सोबत शेंगाचटणी असली म्हणजे उन्हाळ्याची चिंता करावी लागत नाही.

रत्नागिरी

कोकणात पंख्याखाली निववण्याचा उपाय अर्धाच लागू पडतो, कारण हवाच दमट असते आणि निवलेल्या पदार्थावरही ओल राहते. सर्वांत आधी विटते ते ओले खोबरे. म्हणून एप्रिलपासून डब्याच्या भाजीत मी ते घालत नाही. फारच सुने वाटले तर सुके खोबरे भाजून, चुरून घालते. डाळ द्यायचीच असेल तर आमसूल घालून, आटवून घट्ट करते.

पुणे

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून कारणांविषयी थोडे लिहिते. साधारण ५ ते ६० अंश या तापमानात जिवाणू वाढतात, त्यामुळे शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच संपवावे, असा अमेरिकेतील अन्नसुरक्षेचा नियम आहे. आपला डबा हा नियम रोज मोडतो, म्हणूनच कोरडेपणा आणि आंबटपणा यांचा आधार घ्यावा लागतो. खरी काळजी भाताची करावी. त्यात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्यातूनही तगतात. भात कोमट राहिला की ते रुजून जिवाणू वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन डब्यात भरण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती सोडावी, त्या भाताला वास येत नसला तरीही.

दुबई

येथे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हातले काम कायद्याने बंद असते, त्यामुळे बांधकामावर आम्ही सगळे त्याच वेळात जेवतो. पिशवीत डब्याच्या वर गोठवलेली पाण्याची बाटली ठेवतो, कारण गार हवा खाली उतरते. दहीभातासाठी आई भरपूर दुधात चमचाभर दही घालायची आणि ते दुपारपर्यंत विरजायचे. पण बाटलीच्या गारव्यात दूध विरजतच नाही, म्हणून मी ताजा भात लगेच निववून त्यात सरळ गार दहीच कालवतो. गरम पदार्थ त्या पिशवीत कधीच ठेवत नाही, कारण एका गरम डब्याने बाटलीचा सगळा गारवा खाऊन टाकला जातो. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत राहून गेलेला डबा, त्यात काहीही असो, मी न चाखता टाकून देतो.