वेळापत्रक सगळ्यांनाच मानवत नाही

ऑनलाइन शिकताना मन ताळ्यावर ठेवायचं तर वेळापत्रक कडक पाळा, असं वर एकांनी लिहिलंय. मला अर्धंच पटलं. माझी भाची 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर एनपीटेलचा (म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) १२ आठवड्यांचा कोर्स करतेय. एक आठवडा तापात गेला, असाइनमेंट हुकली, आणि बाईसाहेबांनी पुढचे व्हिडिओ उघडणंच सोडलं. "आता काय उपयोग, मामा?" वास्तविक अशा कोर्सला १२ पैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंटच धरतात. गुणांचे नियम आधी नीट वाचा, निम्मी धास्ती तिथेच उतरते.

खरा त्रास एकटेपणाचा. वर्गात शेजारच्याला कोपर मारून "तुला कळलं का रे?" विचारता येतं. इथे सगळे म्यूटवर, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं आपणच ढ. बॅचमधला एक तरी जण पकडा आणि त्याला सरळ फोन लावा. ग्रुपवर अंगठे टाकून भागत नाही. झूमवर 'हाइड सेल्फ व्ह्यू' करा, तासभर स्वतःचंच तोंड बघत बसणं फार थकवतं.

आणि झोप उडाली, जेवण जाईना, रडू येतंय असं दिवसेंदिवस चाललं असेल तर मित्र पुरे पडत नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तिथे फोन करायला 'वेड' वगैरे लागावं लागत नाही, परीक्षेचं टेन्शन असलं तरी चालतं.