अनुभव धागा: लहान मुलांचा जादूचा पिक्चर, मोठेपणी

धागा काढणारी, जळगाव

परवा पोराला सुट्टी होती म्हणून मिस्टर इंडिया लावून दिला आणि मी शेजारी मेथी निवडत बसले. १९८७ चा पिक्चर, लहानपणी भाड्याच्या व्हीसीआरवर किती वेळा पाहिला त्याचा हिशोब नाही. तेव्हा डोक्यात एकच, ते घड्याळ आपल्याला कुठे मिळेल. या वेळी मात्र अदृश्य होण्याकडे लक्षच नाही हो, घरभर पोरं, घरभाडं थकलेलं, धान्यात खडे... मी मनातल्या मनात एवढ्या लेकरांना महिन्याला गहू किती लागत असेल ते मोजत होते. पोरगा म्हणे आई तू रडतेस का, म्हटलं नाही रे मेथी आहे. (मेथीने कोण रडतं!) सासूबाईंची शंका वेगळीच. "तो दिखत नही ते ठीक शे, पन त्याना कपडा कोठे गयात?"

तर लिहा. समीक्षा नको. कुठे बसून पाहिला, सोबत कोण होतं, काय झालं, एवढंच. अहिराणीत लिहिलंत तरी पळेल.

भुसावळ

कोई मिल गया. २००३ ला कॉलेजात होतो, तेव्हा पोरींसमोर "लहान पोरांचा पिक्चर आहे" म्हणून टाळला आणि गेल्या मे महिन्यात भाचीसोबत बघावा लागला. बाहेर ४५ डिग्री, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि पडद्यावर तो परग्रहावरचा जादू ऊन मिळेना म्हणून मरायला टेकलाय. मी म्हटलं भो, याला उचलून भुसावळ स्टेशनच्या पुलावर दुपारी दोन वाजता उभा करा, पाच मिनिटांत चार्ज होऊन उडून जाईल. भाची हसली नाही. ती खरंच टेन्शनमध्ये होती. मग मीही गप्प झालो आणि खरं सांगतो, शेवटी तो जायला निघतो तेव्हा कूलरमध्ये पाणी भरायच्या निमित्ताने मी बाहेर गेलो.

नंदुरबार जिल्हा

मी धडगावच्या बाजूला काही वर्षं आश्रमशाळेवर शिक्षक होतो. एका शनिवारी रात्री प्रोजेक्टर मिळाला, भिंतीवर चादर बांधली आणि मकडी लावला, २००२ चा, शबाना आझमी चेटकीण झालेली. मी स्वतः तो तेव्हाच पहिल्यांदा पाहत होतो. वाड्यात जाईल त्याचं जनावर होतं असा गावाचा समज, आणि चुन्नीची जुळी बहीण मुन्नी कोंबडी होते. ती परत पाहिजे तर शंभर कोंबड्या आणून दे, असं चेटकीण सांगते. इथे पोरांनी जो दंगा केला! शंभर कोंबड्या म्हणजे किती पाडे फिरावे लागतील, कोणाच्या घरी किती आहेत, कोणाचा कुत्रा चावतो, सगळा हिशोब मोठ्याने सुरू. मुन्नी कोंबडी झाल्यावर चुन्नी घरी दोघींचं सोंग करते तेव्हा मुली हसून लोळत होत्या.

मग शेवट आला. चेटकीण वगैरे काही नाही, खजिन्यासाठी केलेलं नाटक. मला वाटलं आता टाळ्या पडतील. टाळ्या नाही पडल्या. सातवीतला एक पोरगा, एरवी वर्गात तोंड न उघडणारा, तो म्हणाला, "सर, ही खोटी होती, मग आमच्या पाड्यावरच्या म्हातारीला का हाकललं?"

सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण होते, गावाबाहेर काढतात हे मला माहीत होतं, पेपरात वाचलेलं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मी त्याला सांगितला, कलमासकट. तो ऐकून घेत होता. त्याला कलम नको होतं हे मला कळत होतं, पण दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. चादर सोडताना तो मदतीला थांबला, परत काही बोलला नाही.

धुळे

विषयाला थोडा फाटा देतो, चालवून घ्या. आमच्यापासून मालेगाव तासाभराच्या रस्त्यावर. तिथल्या यंत्रमागवाल्या लोकांनी स्वतःचा सुपरमॅन काढला, आणि तो काढताना काय काय झालं यावर २००८ ची डॉक्युमेंट्री आहे. लहानपणी मला पक्कं वाटायचं की माणूस खरंच उडतो, तारा वगैरे नसतात. चाळिशीत ही डॉक्युमेंट्री पाहिली, हिरवा कपडा लावून हिरोला आडवा करून उडवतायत, सगळी पोलखोल समोर. तरी मजा कमी नाही झाली, उलट वाढली. माझ्या गॅरेजवरची पोरं आता हिरवा कपडा शोधतायत, धंद्याचं काही खरं नाही.

धुळेच, देवपूर

भूतनाथ. नातू आला होता पुण्याहून, त्याच्याबरोबर. पोरगा अमेरिकेत आणि म्हाताऱ्याचं भूत घर सोडत नाही. आमचे चिरंजीव मागच्याच महिन्यात म्हणाले होते, "बाबा, देवपूरचं घर काढून टाकू." नातवाला भुताच्या करामती आवडल्या. मी मध्येच उठून जिन्याचा दिवा लावून आलो. एवढंच.

चोपडा

छोटा चेतन. मूळ मल्याळम, १९८४ चा, भारतातला पहिला थ्रीडी. हिंदीत १९९८ मध्ये उर्मिलाचा भाग वगैरे घालून आला. मामाने आम्हा दोघा भावांना एसटीने जळगावला नेऊन दाखवला. चष्म्याखाली नाक घामाने गच्च, आइस्क्रीम अंगावर आलं तेव्हा मी हात पुढे केला तर पुढच्या बाईच्या अंबाड्याला लागला, तिने वळून अशी पाहिली की बस. आणि पोरं भिंतीवरून चालत चालत छताला जातात ते! मी घरी येऊन कोनाड्यात पाय देऊन प्रयत्न केला, पडलो, हनुवटीला खूण अजून आहे. आता कळलं की ती खोलीच गोल फिरवलेली, पोरं आपली सरळच चालतायत.

तर गेल्या हिवाळ्यात शेताला रात्रीची लाइट होती. मोटार चालू करून केळीत बसलो, थंडी म्हणून झोप नाही, मोबाइलवर हाच सापडला. चष्मा नाही त्यामुळे माणसं हातातली वस्तू उगाच कॅमेऱ्याच्या तोंडावर धरतायत, हसू येतं. आणि मग त्यातल्या एका पोरीचा बाप आला. दारुडा. तो चेतन, म्हणजे पिक्चरमधलं जादूचं पोरगं, त्याची दारू स्वतः पितो आणि शेवटी बापाची सुटते. भो, मला यातलं एक फ्रेमही आठवत नव्हतं. आइस्क्रीम आठवतं, अंबाडा आठवतो, बाप नाही. आमचे दादा, म्हणजे वडील, तेव्हा प्यायचे. घरात रोज जे चाललंय ते पडद्यावर दिसलं तर पोराला ते पिक्चरमधलं वाटतच नसेल बहुतेक. (दादांनी पुढे मुक्ताईनगरला माळ घातली, दोनदा परत लागली, तिसऱ्यांदा सुटली. आता चहासुद्धा फिका घेतात.)

सकाळी आईला सहज विचारलं, की मामा आम्हाला अचानक जळगावला कसा काय घेऊन गेला होता गं, ना सण ना सुट्टी. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "कापूसना पैसा येल व्हतात त्या दिन."

शिरपूर

अजूबाचा किस्सा अर्धा टाइप केला होता, विनोदी आहे. वरचं वाचलं आणि थांबवला. उद्या टाकतो.