प्रतिसाद: जलसंपदा की प्रदूषण नियंत्रण?

ताई, तुमच्या भाच्याला एमईसाठी (अभियांत्रिकीतलं पदव्युत्तर शिक्षण) जलसंपदा घ्यावी की प्रदूषण नियंत्रण, असा प्रश्न पडलाय. माझं मत: जलसंपदा घ्यावी, पण प्रयोगशाळा सोडू नये. मी बडोद्यातच शिकलो, कलाभवनात. १८९० साली सयाजीराव महाराजांनी सुरू केलेली ही संस्था, आता विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा.

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीकडेच बघा. पावागडाहून येते, पावसाळ्यात पूर आणते (ऑगस्ट २०२४ मध्ये मगरी पार वस्तीत शिरल्या होत्या), आणि उन्हाळ्यात तिच्यात मूळचं पाणी फारसं उरत नाही. सांडपाणी तेवढंच, प्रवाह मात्र रोडावलेला, म्हणजे घाण दाट होणारच. मग प्रवाहाचं गणित न येणारा माणूस प्रदूषण कसं मोजणार?

बीओडीची (पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती प्राणवायू वापरतात, त्याचं माप) चाचणी आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवस चालते. आंघोळीयोग्य पाण्यात बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, विरघळलेला प्राणवायू किमान ५ हवा. हे आकडे त्याने स्वतःच्या हाताने काढावेत. मी पहिल्यांदा नदीचा नमुना तपासला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

गणित कच्चं असेल तर आत्तापासून द्रवगतिशास्त्र घोटवून घ्या. नोकरीचं नंतर बोलू, फोन केलात तरी चालेल.